अडकलेले किण्वन पुन्हा सुरू करताना

स्वतःची छोटी वायनरी काढण्याचे आम्हा नवरा-बायकोचे स्वप्न पहिल्याच हंगामात एका टाकीपाशी अडले. किण्वनात, म्हणजे यीस्ट साखरेचे अल्कोहोल करत असताना, घनता उतरत जाते; आमच्या लाल वाइनची घनता (पाण्याची १ धरून) १.०२० वर आली आणि तिथून हलेना. वाइन कोरडी, म्हणजे जवळजवळ साखर न उरलेली, व्हायची तर हा आकडा साधारण ०.९९५ पर्यंत उतरायला हवा. वरचा फेस बसला होता, जिभेवर गोडी स्पष्ट जाणवत होती, आणि अशी उरलेली साखर जिवाणूंच्या हाती लागली तर वाइन आंबून वाया जाते.

नुसते नवे यीस्ट वरून टाकून भागत नाही, कारण तयार झालेले अल्कोहोल त्याला तग धरू देत नाही. म्हणून पत्नीने जास्त अल्कोहोल सोसणारे यीस्ट कोमट पाण्यात भिजवले, त्यात थोडी साखर आणि आमचीच वाइन मिसळली, आणि मिश्रण जोमाने फसफसू लागल्यावरच दरवेळी तेवढीच वाइन वाढवत नेली; हा टप्पा घाईने उरकू नये, असे माझे ठाम मत आहे. दरम्यान मी टाकीचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर आणले, कारण हे यीस्टचे मिश्रण, म्हणजे विरजण, आणि टाकी यांत १० अंशांहून अधिक फरक असल्यास यीस्टला धक्का बसतो.

विरजण सोडल्यावर बारीक बुडबुडे पुन्हा वर येऊ लागले आणि घनतामापक सावकाश ०.९९५ वर स्थिरावला. वाइन टिकवणारे सल्फाइट आम्ही त्यानंतरच घातले.