जुना लॅपटॉप रखडतोय? आधी डिस्क बघा
लॅपटॉप सुरू व्हायला चहा होण्याइतका वेळ घेतो म्हणून लगेच नवा घ्यायला धावू नका. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्क बघा. तिथे एचडीडी, म्हणजे फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क, असं लिहिलेलं असेल आणि वापर सतत 100 टक्क्यांना टेकलेला असेल, तर बिचाऱ्या प्रोसेसरला बोल लावण्यात अर्थ नाही. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण 100 एमबी वाचते. साधी साटा (हा जोडणीचा प्रकार) एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, 500 च्या आसपास. पण खरा फरक पडतो तो बारीकसारीक फाइली उचलताना. एसएसडीत फिरणारी तबकडीच नाही, त्यामुळे शोधाशोधीत वेळ जात नाही.

2.5 इंची साटा एसएसडी बहुतेक वेळा जुन्या डिस्कच्याच जागी बसते. रोजच्या कामाला 256 जीबी पुरतात. काढलेली डिस्क धड असेल तर यूएसबी केसिंगमध्ये घालून फोटो-सिनेमांसाठी वापरा. बॅकअप मात्र आधी! रॅम 4 जीबी असेल तर त्याच हाताने 8 करून घ्या, फक्त ती बोर्डवर सोल्डर केलेली नाही ना, एवढं विचारा.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मशीन विंडोज 11 साठी पात्र नसेल तर माझं मत सरळ लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमला.