कोणत्या अँटिबायोटिकवर काय बघायचं: सोलापूरच्या वॉर्डसाठी

अँटिबायोटिक लिहून देणं डॉक्टरांचं काम. पण ते किती वेगानं गेलं, कोणत्या सलाईनसोबत गेलं आणि गेल्यावर पेशंटला काय झालं, हे बघायला खाटेपाशी सिस्टरच असते. पन्नास नावं पाठ करत बसण्यापेक्षा औषधाचा वर्ग ओळखायला शिका. वर्ग कळला की लक्ष कुठं ठेवायचं तेही कळतं.

पहिल्या डोसआधी

‘ॲलर्जी आहे का?’ असं विचारलं की बहुतेक जण ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. शहराच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणाऱ्यांच्या तोंडी कन्नड असते. तिथं तर हा शब्द पोचतच नाही. भाषा येणाऱ्या नातेवाइकाला मध्ये घ्या आणि साधं विचारा: इंजेक्शन किंवा गोळी घेतल्यावर कधी अंगावर गांधी उठल्या होत्या का, ओठ सुजले होते का, दम लागला होता का? नुसते जुलाब किंवा मळमळ झाली असेल तर ती ॲलर्जी नव्हे. जे झालं तेच शब्दांत लिहा. केस पेपरवर चुकून पडलेला ‘पेनिसिलिन ॲलर्जी’चा शिक्का पेशंटला पुढं कायम नडतो.

स्किन टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यानंतरही रिॲक्शन येऊ शकते. जोराची रिॲक्शन आलीच तर द्यायचं ॲड्रेनालिन खाटेजवळच हवं. मोठ्या माणसाला १:१००० चं ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. फरक पडला नाही तर ५ मिनिटांनी पुन्हा. ते शिरेतून द्यायचं नाही.

ब्लड कल्चर (रक्तात कोणता जंतू आहे ते वाढवून बघायची तपासणी) पहिल्या डोसआधी घ्या, मोठ्यांमध्ये प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. मात्र सेप्सिसची (जंतुसंसर्गानं अवयव निकामी होऊ लागण्याची) शंका असेल तर कल्चरपायी डोस रखडू देऊ नका. तासाभरात औषध गेलंच पाहिजे.

बीटा-लॅक्टम: घड्याळ सांभाळा

पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन आणि मेरोपेनेमसारखी औषधं या घरातली. रक्तातली पातळी जंतूला रोखण्याइतकी जितका जास्त वेळ टिकेल, तितका यांचा गुण येतो. म्हणून ‘दिवसातून ३ वेळा’ म्हणजे सकाळ-दुपार-संध्याकाळ नव्हे. ६, २ आणि १० असे ८-८ तासांनीच. रात्री १० चा डोस पहाटेवर ढकलला, तर मधल्या काही तासांत जंतूंना मोकळं रान मिळतं.

सेफ्ट्रिॲक्सोन १ ग्रॅम शिरेतून द्यायचं तर १० मिली स्टराइल वॉटरमध्ये विरघळवा, २ ते ४ मिनिटांत सावकाश द्या. स्नायूत देताना वेदना कमी व्हाव्यात म्हणून लिग्नोकेनमध्ये (बधिर करणाऱ्या औषधात) बनवलेलं सेफ्ट्रिॲक्सोन चुकूनही शिरेत जाऊ नये. त्या सिरिंजवर तसं लेबल लावा. आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट सलाईन) कॅल्शियम असतं, त्याच्याशी सेफ्ट्रिॲक्सोनचा साका होतो. आरएल चालू असेल तर ते थांबवून एनएसनं (नॉर्मल सलाईन, म्हणजे साधं मिठाचं सलाईन) लाइन फ्लश करा, मग औषध द्या. नवजात बाळाला कॅल्शियमयुक्त सलाईन चालू असेल तर फ्लश करूनही सेफ्ट्रिॲक्सोन द्यायचं नाही.

विरघळवलेलं ॲम्पिसिलिन तासाभरात वापरा. आधी करून ठेवलेली सिरिंज ट्रेमध्ये पडू देऊ नका, मे महिन्यातल्या आपल्या उकाड्यात तर मुळीच नको. वायलींची (औषधाच्या छोट्या बाटल्यांची) पेटीही खिडकीशी ठेवू नका. किती तापमानाखाली ठेवायचं ते लेबलवर छापलेलं असतं.

मेरोपेनेम लिहिलं असेल आणि पेशंट फिटसाठी व्हॅलप्रोएट घेत असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगा. व्हॅलप्रोएटची पातळी झपाट्यानं उतरते आणि फिट येऊ शकते.

अमिकॅसिन, जेंटामायसिन: लघवी मोजा

यांचं गणित उलटं. यांना एकदाच उंच पातळी गाठायची असते, म्हणून बहुधा दिवसाचा डोस एकदम देतात. अमिकॅसिन साधारण १५ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ७५० मिग्रॅ. २ मिलीच्या वायली १००, २५० आणि ५०० मिग्रॅ अशा वेगवेगळ्या ताकदीच्या येतात आणि दिसायला सारख्याच असतात. गफलत इथंच होते. वायलीवरचा आकडा मोठ्यानं वाचा. १०० मिली एनएसमध्ये ३० ते ६० मिनिटांत द्या.

धोका किडनीला आणि कानाला. उन्हात राबून, पाणी न पिता आलेल्या मजुराची किडनी आधीच कोरडी पडलेली असते. त्यावर हे औषध म्हणजे दुहेरी मार. लघवी तासाला ०.५ मिली प्रति किलोच्या खाली, म्हणजे ५० किलोला २५ मिलीच्या खाली गेली, तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना बोलवा. कानात आवाज येतो का, चालताना तोल जातो का, हे रोज विचारा. पिपेरॅसिलिन आणि अमिकॅसिन एकाच बाटलीत मिसळू नका, पिपेरॅसिलिन हे पेनिसिलिनच्याच घरातलं, ते अमिकॅसिनला निकामी करतं.

थेंबांवर नजर

व्हॅन्कोमायसिन मिनिटाला १० मिग्रॅपेक्षा वेगानं नको. १ ग्रॅम २५० मिलीत घेतलं आणि सेट २० थेंबांचा (२० थेंबांना १ मिली) असेल, तर मिनिटाला ५० थेंब. १०० मिनिटांत संपेल. घाई केली की चेहरा, मान लाल होते, खाज सुटते, बीपी उतरतं. तसं झालं तर बाटली बंद करा, बीपी बघा, डॉक्टरांना कळवा. लेव्होफ्लॉक्सासिन ५०० मिग्रॅची १०० मिली बाटली किमान तासभर चालवा, मिनिटाला ३३ थेंब. डायबेटिसच्या पेशंटची साखरही तपासत राहा, ती एकदम खाली जाऊ शकते. लेव्होफ्लॉक्सासिन आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात, म्हणून सोबत काय काय चालू आहे ते पाहा. लिनेझोलिड आठवड्याच्या पुढं गेलं तर प्लेटलेट मोजल्या जात आहेत ना, याची खात्री करा.

बाटली रिकामी दिसली तरी नळीत १५ ते २० मिली औषध उरतं. १०० मिलीच्या बाटलीत तो जवळपास पाचवा हिस्सा आहे. सेट काढून फेकण्याआधी एनएसनं नळी फ्लश करा, नाहीतर प्रत्येक डोस तुटपुंजा जातो.

घरी पाठवताना

डॉक्सिसायक्लिनची गोळी बसून, पेलाभर पाण्यासोबत. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. ही गोळी आणि दूध, अँटासिड किंवा लोहाची गोळी यांच्यात किमान २ तासांचं अंतर ठेवा. डॉक्सिसायक्लिननं ऊन बाधतं, कातडी भाजल्यासारखी होते. शेतावर किंवा बांधकामावर जाणाऱ्याला अंगभर कपडे आणि डोक्याला टापशी बांधायला सांगा. मेट्रोनिडाझोल असेल तर दारू औषध चालू असताना आणि संपल्यावरही ३ दिवस वर्ज्य. तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी गडद होते, हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे घाबरून कुणी औषध मध्येच सोडणार नाही.