सेल्फ मारण्याआधी: पडवीत उभी राहिलेली मर्सिडीज २४० डी

साताऱ्यात एखाद्या वाड्याच्या पडवीतून चार-पाच पावसाळे उभी असलेली २४० डी निघाली, की घरातलं कुणीतरी लगेच नवी बॅटरी आणून सेल्फ मारतं. कृपा करून थांबा. हे डिझेल इंजिन सहसा चालू होतं. ते बंद कसं करायचं आणि गाडी कशी थांबवायची, हे आधी पक्कं करा.

या मॉडेलचं (कंपनीचा कोड डब्ल्यू १२३, १९७६ ते १९८५) इंजिन करंट तोडून बंद होत नाही. चावी बंद केली की व्हॅक्यूम (नळीतली हवा ओढून केलेली पोकळी) डिझेल पंपाला लागतो आणि डिझेल बंद करतो. त्याच व्हॅक्यूमवर ब्रेकचा बूस्टर चालतो, आणि सेंट्रल लॉक असेल तर तेही. म्हणून एका दरवाज्यातल्या लॉकचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटला, तर चावी काढूनही इंजिन चालूच राहतं. अनेक जण अशा वेळी पंपच उतरवतात, ते चूक. लॉककडे जाणारी नळी काढून टीचं (नळ्या जोडणाऱ्या तीन तोंडी जोडाचं) तोंड बुचाने बंद करा. इंजिन लगेच बंद झालं, तर लीक लॉकच्या बाजूलाच आहे. तोवर इंजिनावरचा ‘स्टॉप’ लिहिलेला लिव्हर हाताला सापडला पाहिजे. तो दाबून धरला की इंजिन बंद पडतं.

मग उंदरांनी वायरी कुरतडल्यात का बघा, ऑइल बदला. हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे) काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या. सकाळी क्रँकच्या नटाला पाना लावून, समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने, हाताने दोन पूर्ण फेरे द्या. अडकलं तर जोर लावू नका.

टाकीतलं जुनं डिझेल उपसा. पाण्यामुळे त्यात काळी बुळबुळीत साय धरते आणि फिल्टर चोंदतो. फिल्टर दोन आहेत: छोटा पारदर्शक आणि मोठा डब्याचा. दोन्ही बदला, मग हातपंपाने हवा काढा. थंडीत सुरू व्हायला त्रास देत असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तपासा. थंड इंजिनवर इनलेट ०.१० आणि एक्झॉस्ट ०.३० मिमी. फट कमी पडून व्हॉल्व्ह घट्ट झाला की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं आणि लोक उगाच हीटर प्लग बदलत बसतात.

ब्रेकला घाई नको. जुने रबरी होज आतून फुगतात, बाहेरून धड दिसतात. पेडल दाबून सोडल्यावर चाक जाम राहिलं तर चाकाजवळचा निपल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) सैल करा. चाक मोकळं झालं तर प्रेशर वरून अडकलंय, म्हणजे होज किंवा मास्टर सिलिंडर. तरीही जाम, तर कॅलिपरचा (चाकावरच्या ब्रेकच्या चिमट्याचा) पिस्टन गंजलाय. ब्रेक फ्लुइड पूर्ण बदला, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. टायरवरचे शेवटचे चार अंक वाचा: ३५१८ म्हणजे २०१८ चा ३५ वा आठवडा. दहा वर्षांपुढचे टायर, नक्षी शाबूत असली तरी, काढा. पहिली फेरी यवतेश्वरच्या घाटात मुळीच नको. सपाट रस्त्यावर, दुसरा माणूस सोबत घेऊन.

पत्र्याचं सांगायचं तर कार्पेट उचलाच. विंडस्क्रीनखालच्या निचऱ्याच्या भोकात आंब्याची पानं अडकली, की पाणी पायाखाली मुरतं. जॅक लावायच्या जागा आणि डिकीतला स्टेपनीचा खळगा हमखास गंजतो.

दिसण्याबाबत आमचं मत ठाम आहे. सरळ उभी ग्रिल, बारीक खांब, मोठ्या काचा यांमुळे ही गाडी आजही जुनाट वाटत नाही. काळी फिल्म, एलईडी आणि रुंद अलॉय मात्र दोन-चार वर्षांत शिळे दिसतात आणि गाडीचं वय वाढवतात. क्रोमवरचा वरवरचा गंज ओल्या ॲल्युमिनियम फॉइलने हळूच घासा, स्टीलच्या जाळीने नको. नवं क्रोम करायचं असेल तर खाली निकेलचा जाड थर आहे का हे आधी विचारा. गंज निकेलच अडवतं. तो थर पातळ असेल तर पुढच्या पावसाळ्यात बंपरवर पुन्हा तपकिरी ठिपके येतात.