हस्तलिखितांच्या वाचनकक्षात पहिला दिवस वाया जाऊ नये म्हणून

विद्यापीठाच्या दुर्मिळ ग्रंथ विभागात मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन तासांत एक ओळसुद्धा वाचून झाली नाही. बॅग लॉकरमध्ये, पेन बॅगेत, ओळखपत्र टेबलावर, अर्ज भरून झाला आणि मग कळलं की मला हवी असलेली पोथी दुसऱ्या इमारतीत असते, ती आदल्या दिवशी मागवावी लागते. चूक माझीच होती. तेव्हापासून कुणी विचारलं की सांगते, निदान आठवडाभर आधी ईमेल करा आणि त्यात विषयाबरोबर हस्तलिखिताचा क्रमांकही लिहा. ‘ज्योतिषावरचं जुनं काही आहे का’ असं विचारलंत तर उत्तरात सूची येते, क्रमांक दिलात तर पोथी येते.

हा क्रमांकही नीट बघून घ्या. छापील सूचीतला अनुक्रमांक वेगळा, पोथीच्या वेष्टनावरचा क्रमांक वेगळा, आणि तुम्हाला लागतो तो वेष्टनावरचा. बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन यादी अर्धवट असते, म्हणून ‘यादीत न आलेलं याच विषयाचं काही आहे का?’ हेही विचारा. माझ्या हाती लागलेल्या निम्म्या चांगल्या गोष्टी या एका प्रश्नामुळे लागल्या.

स्कॅन असेल तर तो आधी पूर्ण वाचा. येल विद्यापीठातलं ते न उलगडलेलं व्हॉयनिच हस्तलिखित पानन् पान घरबसल्या बघता येतं, त्यासाठी तिथे जायचं कारण नाही. मूळ प्रत मागायची ती स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या गोष्टींसाठी, आणि मागताना तसं स्पष्ट लिहा. तरीही नकार आला तर मनाला लावून घेऊ नका. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातलं बख्शाली हस्तलिखित, शून्यासाठी टिंब वापरणारं, भूर्जपत्रावर आहे आणि इतकं ठिसूळ झालंय की अभ्यासकांनाही ते हाताळायला मिळत नाही.

आता हातांविषयी. सिनेमात दिसणारे पांढरे हातमोजे विसरा. मोज्यातून कागदाची कड जाणवत नाही आणि पान फाटतं. हात साबणाने धुऊन कोरडे करा, एवढं पुरतं. मोजे लागतात ते फोटो किंवा धातूची वस्तू हाताळताना. क्रीम मात्र लावू नका. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी पोथीच्याच तोंडी लिहीत, तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख आणि मूर्खाच्या हाती देऊ नको. यादीत तेल पहिलं आहे.

सुट्या पानांची पोथी पुस्तकासारखी डावीकडे उलटायची नसते. दोन्ही हातांनी खालची लांब कड उचलायची, पान वरच्या बाजूला नेऊन पालथं ठेवायचं. वाचून झालेली पानं अशी पालथी साठत गेली की क्रम मोडत नाही. सुरुवातीला आणि शेवटी पानं मोजा.

पानावर पिवळा चट्टा दिसला तर त्यावरून बोट फिरवू नका. लेखनिकाचं अक्षर चुकलं की तो त्यावर हरताळ फासायचा. आपला वाक्प्रचार तिथूनच आला. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड, विषारी. मायक्रोफिल्मवरून, म्हणजे पानांच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवरून, नक्कल करताना एका जागी मला राखाडी डाग दिसला आणि मी ‘अक्षरं पुसट’ अशी टीप टाकली. मूळ पोथीत तिथे हरताळ होता. शब्द पुसट झाला नव्हता, लेखनिकाने तो मुद्दाम रद्द केला होता. ती टीप छापून गेली असती तर?

काळ ठरवताना बहुतेक जण थेट शेवटच्या पानावरची पुष्पिका, म्हणजे नक्कल कधी झाली वगैरे सांगणारी समाप्तीची नोंद, गाठतात. शके दिला असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, महिना माघ-फाल्गुन असेल तर ७९. पण लेखनिक कित्येकदा समोरच्या प्रतीची पुष्पिकाही तारखेसकट उतरवून काढायचे. माझ्या एका पोथीत शके १७०५ होतं, म्हणजे १७८३. कागद विलायती होता. कर्मचाऱ्यांकडून पानाखाली सरकवायचा पातळ दिवा मागून घेतला (पान खिडकीशी धरू नका, ओरडा बसतो), तर जलचिन्हात, म्हणजे कागद बनवतानाच उमटवलेल्या आणि उजेडातच दिसणाऱ्या खुणेत, १८११ हा आकडा. कागद १८११ चा, तर त्यावरची नक्कल त्याच्या आधीची असूच शकत नाही. स्कॅनमध्ये यातलं काहीही दिसत नव्हतं.

बांधणीवरही विसंबू नका. बर्मिंगहॅम विद्यापीठात कुराणाची दोन पानं नंतरच्या काळातल्या दुसऱ्या पानांबरोबर चुकून बांधली गेली होती. अक्षराचं वळण वेगळं आहे हे पीएच.डी. करणाऱ्या एका संशोधिकेच्या लक्षात आलं. पुढे कार्बन चाचणीत त्या चर्मपत्राचा काळ इ.स. ५६८ ते ६४५ निघाला आणि २०१५ मध्ये ते जाहीर झालं.

छापील दुर्मिळ पुस्तकांबद्दल थोडक्यात. एकाच आवृत्तीच्या दोन प्रती असतील तर दोन्ही मागा, कुठे पान गळलेलं असतं, कुठे शुद्धिपत्र जास्तीचं असतं. आणि शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेल्या, पोथीला हस्तलिखित समजू नका. अक्षर हातचं वाटतं, पानंही सुटी असतात, पण शेवटी बहुधा छापखान्याचं नाव सापडतं.

टिपणं पेन्सिलीने किंवा लॅपटॉपवर. ‘पान २३’ एवढं लिहून भागत नाही, पत्र (पोथीचं एक सुटं पान, दोन्ही बाजू मिळून) २३ ची पुढची बाजू की मागची ते लिहा. आपल्याकडच्या पोथ्यांत अंक बहुधा मागच्या बाजूला, समासात असतो, त्यामुळे पाश्चात्त्य पुस्तकांची सवय असलेला माणूस हमखास एक बाजू चुकतो. फोटो काढायची मुभा असेल तर दर फोटोत क्रमांकाची चिठ्ठी येऊ द्या. छापायची परवानगी वेगळी असते, ती त्याच दिवशी मागून ठेवा.

परत देताना पुन्हा मोजा. एकदा सूचीत ८६ पत्रं होती आणि माझी मोजणी ८७ वर जात होती. तीनदा मोजलं, घाम फुटला. कर्मचाऱ्याने शांतपणे अंक तपासले, तर लेखनिकानेच ४१ हा आकडा दोनदा घातला होता आणि सूची करणाऱ्याने शेवटचा अंक बघून ८६ लिहून टाकलं होतं. आता त्या पोथीच्या वेष्टनावर पेन्सिलीने लिहिलंय: पत्रं ८७, ४१ दोनदा.