एजंटने दिलेला पासवर्ड आधी बदला

2008 साली इंग्लंडमधल्या स्लाउला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्याच ईमेलने मला बाहेर ठेवलं. लायब्ररीतला कॉम्प्युटर, पासवर्ड तोंडपाठ, तरी तीनदा ‘चुकीचा’. पडद्यावर नुसते काळे ठिपके, त्यामुळे काय टाइप होतंय ते दिसेना. शेवटी शेजारी बसलेल्या आजोबांनी दाखवलं: इथल्या कीबोर्डवर शिफ्ट धरून 2 दाबलं की ‘ॲट’ (@) येत नाही, दुहेरी अवतरणचिन्ह येतं. ॲट आहे तो एन्टरच्या बाजूला, आपल्याकडे अवतरणचिन्ह असतं त्या जागी. 3 वर हॅशऐवजी (#) पौंडाचं चिन्ह (£). भारतातून आणलेल्या लॅपटॉपवर याचा पत्ता लागत नाही, कारण त्याची मांडणी अमेरिकन. युनिव्हर्सिटीच्या किंवा ऑफिसच्या मशीनवर बसलात की फजिती.

आणि आपल्या पासवर्डात ॲट असतोच. नाव, ॲट, 123. नवीन आलेल्या पोरांना मी विचारते तेव्हा निम्मी हसतात, म्हणजे समजायचं. बऱ्याचदा तो त्यांनी स्वतः ठेवलेलाही नसतो. ॲडमिशनच्या वेळी एजंटने ईमेल उघडून दिलेला असतो आणि पासवर्ड फायलीच्या कव्हरवर बॉलपेनने लिहिलेला असतो. पुढे त्याच ईमेलवर युनिव्हर्सिटीची पत्रं, बँक, घरमालकाचा करार, सगळं येत राहतं. आता तर व्हिसासुद्धा ऑनलाइन झालाय. पूर्वी बीआरपी नावाचं, इथे राहण्याच्या परवान्याचं कार्ड खिशात असायचं. बहुतेक कार्डांची मुदत 31 डिसेंबर 2024 ला संपली आणि ई-व्हिसा आला. कुठल्याही खात्यात ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की दुवा ईमेलवर येतो, म्हणजे ईमेल ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळ्या किल्ल्या. म्हणून पहिला बदल तिथे. आणि पासवर्ड बदलून थांबू नका, सेटिंगमध्ये रिकव्हरीचा, म्हणजे खातं परत मिळवायचा फोन नंबर कोणाचा आहे तो पाहा. तिथे अजून एजंटचाच नंबर असलेली दोन मुलं मला याच वर्षी भेटली.

आता नवा कसा ठेवायचा? इथल्या सरकारी नॅशनल सायबर सिक्युरिटी सेंटरचा सल्ला सोपा आहे: एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द जोडा. याच संस्थेने 2019 साली जगभरात फुटलेल्या पासवर्डांची यादी काढली होती. त्यात ‘123456’ हा 2 कोटी 32 लाख खात्यांवर सापडला. मी ईमेलसाठी तीनाऐवजी चार शब्द घेते. पोलपाट, टमटम, आभाळ, कोयंडा. (इथे लिहिला म्हणजे हा बाद झाला, उचलू नका.) शब्द मनाने निवडलेत तर मन ओळखीच्याच वाटेने जातं, गणपती, शिवाजी, पोराचं नाव. त्यावर उपाय म्हणजे फासे. इंग्रजी शब्दांच्या तयार याद्या मिळतात, त्यांत 7776 शब्द असतात, कारण फासा पाचदा टाकला की तितकेच वेगवेगळे आकडे पडू शकतात. यादीत पडलेल्या आकड्यापुढे असेल तो शब्द घ्यायचा, आवडीनिवडीचा प्रश्न नाही. असे चार शब्द घेतले तर नुसत्या आठ लहान इंग्रजी अक्षरांपेक्षा साधारण साडेसतरा हजार पट जास्त शक्यता तयार होतात, आणि लक्षात ठेवायला चित्र डोळ्यांसमोर येतं. अभंगाची ओळ मात्र नको. ती तुम्हाला पाठ आहे तशी लाखोंना आहे.

मराठी शब्द रोमनमध्ये लिहिणार असाल तर स्पेलिंग एकदाच ठरवा. इथल्या काही बँका पूर्ण शब्द विचारत नाहीत, त्यातलं दुसरं, पाचवं, आठवं अक्षर विचारतात. माझ्या नवऱ्याने ‘कोथिंबीर’ ठेवली होती. आठवं अक्षर ‘आय’ की ‘ई’, यावर बोटं मोजत तो फोनवर इतका वेळ गप्प राहिला की पलीकडच्या बाईंना संशय आला.

सुरक्षा प्रश्नांचं तर आपल्याकडे वेगळंच. वडिलांचं नाव काय? अहो, ते आमच्या नावाच्या मध्येच छापलेलं असतं. जन्मगाव आणि आईवडिलांची नावं पासपोर्टवर, आणि त्या पासपोर्टची झेरॉक्स किती जणांकडे गेली ते आठवून बघा. आईचं माहेरचं आडनाव इथे गुपित समजतात; आपल्याकडे मामाचं आडनाव म्हणजे तेच, सगळ्या आळीला ठाऊक. तेव्हा खरं उत्तर देऊ नका. आईचं माहेरचं आडनाव ‘वरवंटा’ लिहिलंत तरी फॉर्म हूं की चूं करत नाही. फक्त प्रत्येक ठिकाणी काय थाप मारली ते लिहून ठेवा.

हो, वहीत लिहिलं तरी चालतं. वही घरात, कुलपात; लॅपटॉपच्या बॅगेत नको. चोर खिडकी फोडून वही शोधायला येईल ही भीती लांबची, एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरणं ही जवळची. एका दुकानाची यादी फुटली की तोच पासवर्ड बाकी नऊ ठिकाणी लावून बघतात. वहीपेक्षा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड सांभाळणारं ॲप बरं, पण पंधरा दिवसांत ते सोडून देणार असाल तर वहीच घ्या. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र टाकू नका. काकाने विचारला तरी.

एक राहिलं, भारतातला नंबर. तिकडच्या बँकेचा ओटीपी त्याच सिमवर येतो, आणि प्रीपेड सिम 90 दिवस वापरलं नाही की बंद होऊ शकतं. पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळाला तर तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातील. निघण्यापूर्वी रोमिंग चालू केलं नसेल तर आईला सांगून रिचार्ज करत राहा, सिम तिच्या फोनमध्ये घाला. माझं बारा वर्षं आईच्या डब्यातल्या जुन्या नोकियात होतं, आणि ओटीपी ती इतका सावकाश वाचायची की दर वेळी मुदत संपायची.