अलेप्पीच्या हाऊसबोटीवर मित्रांसोबत एक रात्र : शनिवार-रविवारात कसं बसवायचं

आधी एक गैरसमज काढून टाका. केरळातल्या अलेप्पीला हाऊसबोटीवर रात्र काढायची म्हणजे चांदण्यात बोट चाललीय आणि आपण डेकवर पाय पसरून बसलोय, असं आमच्या सहाही जणांच्या डोक्यात होतं. तसं काही नसतं. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला बोटी काठाला लागतात, कारण नंतर तिथले मच्छीमार जाळी टाकतात, ते पाणी तेव्हा त्यांचं. चेक-इन साधारण दुपारी १२ ला, चेक-आऊट सकाळी ९ ला, म्हणजे २१ तासांतले बोट चालते फार तर पाच-सहा तास, बाकी वेळ आपण काठाला बांधलेले. एकदा हे कळलं की काय विचारायचं आणि पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळतं.

आधी जायचं कसं ते ठरवा. मुंबईच्या एलटीटीवरून (लोकमान्य टिळक टर्मिनस) नेत्रावती एक्सप्रेस कोकणातून थेट आलप्पुळा स्टेशनला जाते (अलेप्पीचं खरं नाव तेच), पण जायलाच एक अख्खा दिवस आणि वर थोडं लागतं, म्हणजे दोन्हीकडून सुट्टी टाकावी लागणार. नुसता वीकेंड असेल तर शुक्रवारी रात्रीची कोचीची फ्लाइट, मुक्काम कोचीतच एर्नाकुलमला, शनिवारी सकाळी ट्रेन नाहीतर टॅक्सी. एअरपोर्टवरून रात्रीच अलेप्पी गाठायचा हट्ट करू नका, ८० एक किलोमीटर आहे आणि उगाच दमायला होतं. सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पण ख्रिसमस ते न्यू इयर टाळाच, भाव कुठल्या कुठे जातात आणि पाण्यावर चक्क ट्रॅफिक जॅम लागतो.

बुकिंग करताना फोनवर बोला, नुसते फोटो बघून पैसे भरू नका. आम्ही तेच केलं आणि धक्क्यावर गेलो तर फोटोतली बोट "रिपेअरला गेलीय सर", आणि समोर उभी होती तिचा वरचा डेक म्हणजे चार खुर्च्या ठेवल्या की संपला. आता मी बोटीचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर आणि याच आठवड्यात काढलेला व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर मागवतो. एसी रात्री ९ ते सकाळी ६ एवढाच का दिवसभर, हे विचारा, स्वस्त बोटींवर दुपारी नुसता पंखा असतो आणि दुपारचा घाम कोकणातल्या मे महिन्यासारखा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्री बोट कुठे बांधणार? एका ओळीत वीस बोटी लावल्या असतील तर शेजारच्यांची गाणी आणि जनरेटर दोन्ही रात्रभर ऐका. कैनकरीसारख्या गावाच्या बाजूला, जरा आत बांधणार असाल तर दोन पैसे जास्त देतो, असं सरळ सांगायचं. सहा जणांना तीन बेडरूमची एकच बोट बरी, दोन छोट्या घेतल्या की अर्धी मजा एकमेकांना फोन करण्यात जाते.

लाइफ जॅकेट माणशी एक आहे का ते चढल्याचढल्या मोजा, हसले कोणी तर हसू देत. मे २०२३ मध्ये केरळातच तानूरला क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली टुरिस्ट बोट संध्याकाळी उलटली, २२ जण गेले. ती हाऊसबोट नव्हती, पण पाणी ते पाणीच. आणि रात्री दोन घोट झाल्यावर "मला पोहता येतं रे" म्हणणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याला कठड्यापासून लांब बसवा. (केरळात महिन्याच्या १ तारखेला दारूची दुकानं बंद असतात, वीकेंड नेमका तेव्हा आला तर आधीच बघून ठेवा.)

बोट सुटली की मोबाईल खाली ठेवून वरच्या डेकवर जा. या बोटी म्हणजे मूळच्या केट्टुवळ्ळम, तांदूळ आणि मसाले वाहून नेणाऱ्या, फळ्या खिळे न मारता काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. चालवणाऱ्याला तिथे स्रांक म्हणतात, म्हणजे आपला सारंगच की! भाऊच्या धक्क्यावरचा शब्द तिथे ऐकून मला उगाच घरचं वाटलं. बाहेर कुट्टनाड दिसतं, तिथली भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली आहे, म्हणजे कालव्याचं पाणी वर आणि बांधापलीकडचं शेत खाली, डेकवरून हे बघताना डोळ्यांना पटतच नाही. पण मोठी बोट अरुंद कालव्यांत शिरत नाही, ती पुन्नमडा आणि वेंबनाड तलावांच्या मोकळ्या पाण्यात फिरते. गाव बघायचं असेल तर काठाला लागल्यावर तासभर छोटी होडी घ्या, साडेपाच ते अंधार पडेपर्यंतचा वेळ त्यासाठीच आहे, नाहीतर सगळे रूममध्ये जाऊन रील बघत पडतात.

जेवण बोटीवरच बनतं. लाल जाडा मट्टा भात (उकडा तांदूळ खाणाऱ्या कोकणातल्या माणसाला काही नवीन नाही), सांबार, तोरन (खोबरं घातलेली सुकी भाजी) आणि तळलेला करीमीन मासा, जो गोव्यात कालुंदर म्हणून मिळतो. चहाबरोबर केळ्याची भजी, पळंपोरी. प्यायला कोमट गुलाबी पाणी दिलं तर घाबरू नका, पतिमुगम नावाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं असतं ते. सगळं खोबरेल तेलात, ज्याला चालत नाही त्याने आदल्या दिवशीच सांगावं. वाटेत बोट कोळंबीच्या दुकानाला थांबवतात, घ्या पण आधी वजन, मग भाव, मग होकार, आणि बोटीवर शिजवायचे वेगळे पैसे लागतात का तेही तिथेच विचारून टाका.

सामान कमी. ओडोमॉस मात्र विसरलात तर रात्र डासांची. पत्ते घ्या, पॉवरबँक घ्या, स्पीकर घेतलात तर आवाज बेताचा, काठावर लोकांची घरं आहेत आणि त्यांना सोमवारी कामाला जायचंय.

सकाळी सहाला उठा, काहीही करून. धुकं असतं, पाण्यावर एखादीच होडी, चर्चला निघालेली माणसं. रात्रीच स्रांकला सांगून ठेवा की नाश्ता चालत्या बोटीत हवाय, थेट धक्क्यावर नेऊ नका. नाहीतर आठलाच परत आणून सोडतात. उतरताना बोटीवर काम करणाऱ्या तिन्ही माणसांच्या हातात वेगवेगळी टिप द्या, मालकाकडे देऊ नका.

९ नंतर रविवार मोकळा. आम्ही अलेप्पीच्या जेट्टीवरून कोट्टयमची सरकारी बोट धरली, अडीच तास, तिकीट किरकोळ, आणि खरं सांगायचं तर हाऊसबोटीपेक्षा कालवे तिथूनच जास्त दिसले. तिथून टॅक्सी करून एअरपोर्ट. अलेप्पीवरूनच परतणार असाल तर रस्ता एनएच ६६, म्हणजे पनवेलला सुरू होणारा आपला मुंबई-गोवा हायवेच, आणि काम तिथेही चालूच, त्यामुळे फ्लाइटच्या साडेपाच तास आधी निघा.