'पिक अप'चे अर्थ पाठ न करता कसे शिकावेत

दहा अर्थांची यादी घोकायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. इतकी वर्षं इंग्रजी शिकवतोय, यादी पाठ करून बोलायला लागलेलं माणूस मला नाशिकमध्ये भेटलेलं नाही.

आधी पिकअप गाडी बाजूला ठेवा. लासलगावला कांदा नेते ते नाम, जोर 'पिक'वर. क्रियापदात जोर 'अप'वर. मोठ्याने म्हणून बघा.

मग आपला 'उचल' शब्द घ्या. पिशवी उचलली, फोन उचलला, कांद्याच्या भावाने उचल खाल्ली: तिन्ही ठिकाणी 'पिक अप' चालतं. पण मामांना नाशिकरोड स्टेशनवरून गाडीत आणलं, तेही 'पिक अप'च. मराठीत 'मामांना उचललं' म्हणालात तर पोलिसांनी नेलं असा अर्थ होईल. आणि शेजाऱ्याकडून सर्दी लागली, सातपूरच्या कारखान्यात ऐकून ऐकून हिंदी आली, इंग्रजीत हेही 'पिक अप'च, पण इथे 'उचल' कामाची नाही. म्हणून प्रत्येक वेळी विचारा: कोण 'पिक अप' करतंय, काय 'पिक अप' करतंय?

आता खरी अडचण. मी यात कित्येक वर्षं अडकलो होतो. 'पिक अप द बॅग' आणि 'पिक द बॅग अप' दोन्ही बरोबर. पण बॅगेऐवजी 'इट' आलं की ते मध्येच बसतं: 'पिक इट अप'. 'पिक अप इट' कधीच नाही. इंग्रजीतले 'मी' (me), 'यू', 'हिम', 'हर', 'देम', सगळ्यांचं तेच. नोकरीच्या पहिल्या वर्षी पाहुण्यांना फोनवर 'आय विल पिक अप यू' म्हणालो. 'यू विल पिक मी अप?' असं त्यांनी सावकाश विचारलं आणि मला घाम फुटला.

कारण कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. इंग्रजी वाक्यात नवी माहिती सहसा शेवटी येते, जोरही तिच्यावर. 'इट' म्हणजे आधीच माहीत असलेली वस्तू, तिला ती जागा मिळत नाही. उलट 'काल भावाने रिक्षात विसरलेली बॅग' एवढं लांबलचक कर्म असेल, तर क्रियापद फोडू नका. सगळं 'अप'च्या मागून येऊ द्या.

नियम वहीत राहून उपयोग नाही, जिभेवर बसायला हवा. गोदाघाटावर फिरताना दिसेल ती वस्तू घ्या: 'पिक अप द स्टोन, पिक इट अप.' पंधरा दिवस, रोज.

कांद्याच्या भावाच्या वाक्यात मात्र कर्मच नाही, तिथे 'प्रायसेस पिक्ड अप' एवढंच. मध्ये 'वेअर' (were) घुसवलंत तर कुणीतरी भाव हाताने उचलले असं होईल.